आधी गिऱ्हाईक, मग सेल्समन



आयोजकांनी मला 'ऑनलाइन व्यवसायातल्या संधी' असा विषय दिला होता. मी त्यांना म्हटलं, संधींवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी कुठे आपटलो ते सांगतो, त्याचा या मुलामुलींना जास्त उपयोग होईल. त्यांनी मोठ्या मनाने परवानगी दिली.

मघाशी चहाच्या वेळी तुमच्यापैकी बऱ्याच जणांशी बोललो. कुणी इन्स्टाग्रामवर अत्तर विकतंय, कुणी अबाया, कुणी रमजानमध्ये खजुराची पाकिटं. एकजण घरबसल्या केकच्या ऑर्डरी घेते, दोघे मिळून वेबसाइट बनवून देतात. सगळ्यांच्या बोलण्यात दोनच प्रश्न होते. पहिला, "भाई, माल चांगला आहे, पण विकणारा माणूस मिळत नाही." दुसरा, "नेमकं कुठल्या लाइनमध्ये घुसावं कळत नाही."

हेच दोन प्रश्न घेऊन मी दोन वर्षं फिरलो. आज माझं मत असं आहे की हे दोन प्रश्न नाहीतच, एकच आहे. आपलं गिऱ्हाईक कोण हे ज्याला माहीत नाही, त्याला विकणारा माणूस मिळत नाही. मिळाला तरी टिकत नाही.

"प्रत्येक लहान व्यवसायासाठी"

मी कॉम्प्युटर इंजिनिअर. पुण्यात नोकरी करतो, अजूनही करतो. २०२१ मध्ये रात्री जागून मी एक ऑनलाइन सॉफ्टवेअर तयार केलं. बिल बनवा, स्टॉक ठेवा, येणं-देणं बघा, महिन्याला ठरावीक पैसे भरा. वेबसाइटवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'प्रत्येक लहान व्यवसायासाठी'. मला वाटलं, सगळ्यांसाठी म्हटलं की सगळे येतील.

सहा महिन्यांत तीन गिऱ्हाईकं आली. त्यातला एक माझा मेहुणा.

जाहिरातींवर पैसे घातले. लोक यायचे, बघायचे, निघून जायचे. साहजिक आहे. बिल बनवणारी सॉफ्टवेअरं बाजारात पन्नास आहेत, त्यातली काही फुकट आहेत आणि त्यांच्यामागे मोठ्या कंपन्या आहेत. किराणा दुकानदाराने ती सोडून माझं का घ्यावं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पण तेव्हा मी हे मान्य केलं नाही. मी म्हटलं, माल उत्तम आहे, कमी आहे ती विक्रीची. आम्हा इंजिनिअर लोकांचा एक गैरसमज असतो. बनवणं हे खरं काम आणि विकणं हे जरा खालचं, ते दुसऱ्या कुणी करावं.

विकणारे आले आणि गेले

पहिला माणूस अनुभवी होता. दरमहा ठरावीक रक्कम, वर विक्रीवर कमिशन. त्याने आठवडाभरात मला सांगितलं, "सर, ईमेलमध्ये तुमचं पूर्ण नाव नको. आपण 'सॅम' लिहू. उगाच कशाला अडचण?"

मी हो म्हणालो. हे सांगताना आजही बरं वाटत नाही. दोन महिने मी माझ्याच धंद्यात सॅम होतो. अब्बांनी ठेवलेलं नाव मी बाजूला ठेवलं, आणि त्या दोन महिन्यांत सॅमने एकही सॉफ्टवेअर विकलं नाही. जे दोघे आले, त्यांना त्या गृहस्थांनी सॉफ्टवेअरमध्ये नसलेल्या गोष्टी सांगून आणलं होतं. महिन्याभरात दोघेही पैसे परत मागून गेले.

दुसऱ्या वेळी मी शहाणपणा केला. पगार नाही, फक्त कमिशन. विकलंस तर पैसे. तीन मुलं आली, तिन्ही पंधरा दिवसांत गायब झाली. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता त्यांची बाजू कळते. नाव नसलेला माल, ठरलेलं गिऱ्हाईक नाही, आणि सगळी जोखीम विकणाऱ्याच्या डोक्यावर. ज्याला विकता येतं तो असं काम घेईलच कशाला?

आपल्या सीरतमध्ये या बाबतीतलं एक फार चांगलं उदाहरण आहे, पण आपण ते व्यवसायाच्या नजरेने वाचत नाही. हजरत खदीजा मक्केतल्या मोठ्या व्यापारी होत्या. त्या स्वतः काफिल्याबरोबर जात नसत, माल घेऊन जाणारा भरवशाचा माणूस नेमत. त्यांनी आपला माल शामकडे नेण्याचं काम प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे दिलं ते त्यांच्या सचोटीची ख्याती ऐकून. सोबत आपला मैसरा नावाचा सेवक पाठवला. परतल्यावर व्यवहार कसा झाला ते त्याने सांगितलं. म्हणजे बघा: माल ठरलेला, बाजार ठरलेला, रस्ता माहितीचा, मोबदला आधी ठरलेला आणि हिशेब सांगायला साक्षीदार. एवढी तयारी झाल्यावर त्यांनी माणूस नेमला. मी काय केलं होतं? काफिला कुठल्या बाजारात न्यायचा हे मलाच माहीत नव्हतं, आणि मी उंट हाकणाऱ्याला दोष देत होतो.

"इसमें बीम कां है रे?"

बकरी ईदला मी घरी गेलो, इचलकरंजीला. अब्बा तीस वर्षं यंत्रमागावर जॉबर होते. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा, मागाच्या आवाजावरून रोग ओळखणारा माणूस. संध्याकाळी मी लॅपटॉपवर काम करत बसलो होतो. अब्बांनी चष्मा लावून सगळं बघितलं आणि विचारलं, "सब ठीक है, पन तेरे इसमें बीम कां है रे?"

मी म्हटलं, "अब्बा, हे कारखान्यासाठी नाही, सगळ्यांसाठी आहे."

ते म्हणाले, "फिर हमारे लिए नहीं ना."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण मी रात्रभर विचार करत राहिलो. ज्या गावात १९०४ साली पहिला यंत्रमाग आला, ज्या गावच्या खटखटीत मी अभ्यास केला, त्या गावाच्या धंद्याचा हिशेब मला अर्धा तरी येत होता. आणि मी पुण्यात बसून अनोळखी किराणा दुकानदारासाठी सॉफ्टवेअर करत होतो.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इचलकरंजीत 'खर्चीवाले' यंत्रमागधारक असतात. सूत त्यांचं नसतं. व्यापारी सुताचे बीम देतो, आडवं सूत देतो. खर्चीवाला आपल्या मागावर कापड विणून देतो आणि मजुरी घेतो. मजुरी पिकावर असते, म्हणजे एका इंचात आडवे धागे किती त्यावर. समजा ५२ पिकाचं कापड आहे आणि दर पिकाला ६ पैसे ठरला, तर मीटरला ३ रुपये १२ पैसे. ऐकायला सोपं आहे. पण एका कारखान्यात तीन व्यापाऱ्यांचे बीम चालू असतात, प्रत्येकाचं पीक वेगळं, दर वेगळा. सूत विणताना आखडतं, त्यामुळे बीमवर जेवढं सूत तेवढं कापड निघत नाही. काही तागे खराब म्हणून परत येतात, त्याचे मीटर कापले जातात. सूत किती आलं, कापडात किती गेलं, वाया किती गेलं, यावरून महिन्याला वाद. हे सगळं दिवाणजीच्या वहीत.

माझ्या सॉफ्टवेअरमध्ये यातलं काहीच नव्हतं. बाजारातल्या त्या पन्नास सॉफ्टवेअरांतली मी पाहिली, त्यांतही नव्हतं. मला हवी होती ती जागा इथे होती.

चुकीचा प्रश्न, बरोबर प्रश्न

मी सुट्टी वाढवली आणि अब्बांच्या ओळखीने कारखान्यांत जाऊन बसू लागलो. पहिल्या आठ-दहा ठिकाणी मी विचारलं, "असं सॉफ्टवेअर केलं तर घ्याल का?" सगळे म्हणाले, "घेऊ की!" घेतलं कुणीच नाही. ते खोटं बोलत नव्हते. घरी आलेल्या ओळखीच्या मुलाला नाही कसं म्हणायचं?

मग मी प्रश्न बदलला. "मागच्या वेळी व्यापाऱ्याशी हिशेबावरून वाद झाला, तेव्हा तुम्ही काय केलंत?" आता कपाटातून वह्या निघाल्या. एकाने तागे पाठवल्याच्या चिठ्ठ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरून ठेवल्या होत्या. दुसऱ्याने सांगितलं, दिवाणजी आजारी पडले आणि दोन महिन्यांचा हिशेब व्यापारी सांगेल तो मान्य करावा लागला. किती गेले हे त्याला आजही माहीत नाही. तिथे मला कळलं की याची अडचण 'बिल बनवणं' ही नाहीच. कामगारांचा आठवड्याचा पगार तोंडावर आलेला असतो, आणि व्यापाऱ्याकडून येणं किती व किती दिवसांचं थकलंय याचा पुरावा हातात नसतो.

परत आल्यावर मी सॉफ्टवेअरचा निम्म्याहून जास्त भाग काढून टाकला. स्क्रीन मराठीत केली. शब्द माझे नव्हते, वहीतले होते: बीम आवक, तागे जावक, पीक, मजुरी, कपात, येणे. कुणाला शिकवावं लागलं नाही.

याच सुमाराला आणखी एक गोष्ट घडली. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, हा नियम २००६ च्या एमएसएमई कायद्यात आहेच. २०२३ मध्ये आयकर कायद्याच्या ४३ ब कलमात एक तरतूद जोडली गेली आणि १ एप्रिल २०२४ पासून ती लागू झाली. मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी वजा करता येतो. कापड बाजारात यावर खूप चर्चा झाली. मी सॉफ्टवेअरमध्ये एक रकाना वाढवला, 'किती दिवस झाले'. उद्यम नोंदणी असलेल्या खर्चीवाल्याला आपलं कुठलं बिल मुदतीबाहेर गेलंय ते एका नजरेत दिसू लागलं.

इथे मला फुशारकी मारायची नाही. रकाना दिसला म्हणून पैसे मिळतात असं नाही. बरेच मालक म्हणाले, "जास्त ताणलं तर व्यापारी बीम दुसरीकडे देईल." हे खरं आहे आणि सॉफ्टवेअर ते बदलू शकत नाही. पण हिशेबाच्या वादात आता त्यांच्याकडे तारीखवार कागद असतो. तेवढ्यासाठी लोक पैसे देतात. पहिली अकरा गिऱ्हाईकं मी स्वतः केली, शनिवार-रविवारी गाडी पकडून, कारखान्यात बसून. त्याला सात महिने लागले.

मग माणूस मिळाला

हे सात महिने मला सर्वांत जास्त शिकवून गेले. गिऱ्हाईक कुठल्या वाक्याला मान डोलावतं, कशाला नाही म्हणतं, पैसे द्यायच्या आधी शेवटचा प्रश्न कुठला विचारतं, हे सगळं मी वहीत लिहीत गेलो. ती वही झाल्यावर मला सेल्ससाठी कुणाची जाहिरात द्यावी लागली नाही. माणूस समोरच बसलेला होता.

एक दिवाणजी काका. पाच कारखान्यांची वही लिहायचे. मला भीती होती की माझ्या सॉफ्टवेअरमुळे आपलं काम जाईल असं त्यांना वाटेल. झालं उलट. त्यांचा वेळ वाचला, आणखी दोन कारखाने त्यांनी हातात घेतले. मालक पुण्याच्या इंजिनिअरवर विश्वास ठेवणार नाही, पण वीस वर्षं वही लिहिणारा माणूस "हे बरोबर आहे" म्हणाला की विषय संपतो.

आम्ही दोन पानांचा करार केला, मराठीत. पहिल्या वर्षाच्या रकमेतले २० टक्के त्यांचे. गिऱ्हाईक पुढच्या वर्षी टिकलं तर १० टक्के, टिकेल तितकी वर्षं. तीन महिन्यांच्या आत कुणी सोडून गेलं तर त्या गिऱ्हाइकाचं कमिशन पुढच्या हिशेबात वजा. ही अट काकांनीच सुचवली. म्हणाले, "म्हणजे मी कुणाच्या गळ्यात मारणार नाही." पहिल्या माणसाशी मी असं काही ठरवलंच नव्हतं, आणि त्याने गळ्यात मारलं यात नवल काय?

आपल्याकडे करार लिहायची लाज वाटते. "भाऊच आहे, विश्वास आहे." कुरआनातली सर्वांत मोठी आयत सूरह बकरामध्ये आहे, आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिणं म्हणजे अविश्वास असं समजू नका. नातं टिकावं म्हणून लिहायचं.

दुसरी मदत एका मुलीची. बी.कॉम. झालेली, तिची आई वहिफणीचं काम करते. घरातून ती फोनवर गिऱ्हाइकांच्या अडचणी सोडवते. तिला मी विक्रीला नेमलं नव्हतं, पण आज आठ-दहा नवी गिऱ्हाईकं तिच्यामुळे आली आहेत. कारण तिने अडचण सोडवलेला माणूस दुसऱ्याला नंबर देतो. तिचा मोबदला सुरुवातीला फक्त मासिक होता. आता नव्या गिऱ्हाइकामागे तिलाही हिस्सा आहे. हे मी आधीच करायला हवं होतं.

नाव आणि आपला समाज

आता त्या सॅमबद्दल. इचलकरंजीत मी पूर्ण नाव सांगतो. त्या नावाबरोबर अब्बांचं नाव येतं आणि त्यांना लोक ओळखतात. सगळीकडे सगळं गोड आहे, असं मी म्हणणार नाही. एका ठिकाणी नाव ऐकल्यावर बोलणं थांबलं, ते नावामुळेच थांबलं याबद्दल मला शंका नाही. पण आणखी दोन-तीन ठिकाणी मी तसंच समजून चाललो होतो. नंतर कळलं, त्यांना माझं सॉफ्टवेअरच पटलं नव्हतं. भेदभाव आहे, त्याच्याविरुद्ध नागरिक म्हणून बोललंच पाहिजे. पण आपल्या मालातल्या खोटीवर तो पांघरूण म्हणून घालायचा नाही.

याची दुसरी बाजूही सांगतो. आपल्यातले बरेच जण म्हणतात, "माझं गिऱ्हाईक म्हणजे आपला समाज." समाज हे गिऱ्हाईक नसतं. समाजात नर्स आहे, ट्रकवाला आहे, वकील आहे, दहावीची मुलगी आहे. त्यांच्या गरजा वेगळ्या. 'आपल्या माणसाकडून घ्या' म्हटलं तर लोक हमदर्दीने एकदा घेतात. दुसऱ्यांदा गरज असेल तरच येतात.

माझ्या मावसबहिणीचं उदाहरण सांगतो. ती ऑनलाइन हिजाब विकायची, चाळीस रंग, चाळीस डिझाइन. विक्री रडतखडत. मी तिला म्हटलं, मागच्या मेसेजमध्ये लोकांनी काय विचारलं ते काढून बघ. त्यात पाच-सहा मुली नर्सिंगच्या आणि लॅबच्या निघाल्या. त्यांचं म्हणणं एकच: पिन नको, टोचते, रुग्णाजवळ पडली तर पंचाईत. सिंथेटिक कापड नको, बर्नरजवळ भीती वाटते. लोंबणारं टोक नको. तिने सुती, बटण लावून बसणारा, रोज धुता येणारा एकच नमुना केला, तीन रंगांत. आता प्रत्येक कॉलेजात तिची एकेक मुलगी आहे, ती वापरते आणि हिश्शावर विकते. यांना शोधायला तिला कुठे जावं लागलं नाही. त्या तिची गिऱ्हाईकंच होत्या. गंमत म्हणजे आता हिजाब न घालणाऱ्या मुलीही तिला विचारतात, "तसलीच सुती टोपी बनवून देशील का, वॉर्डात केस बांधायला?"

घरी जाऊन काय करायचं

चार गोष्टी सांगतो.

एक. तुम्हाला ज्यांचं रोजचं काम आतून माहीत आहे अशा लोकांची यादी करा. अब्बांचा धंदा, अम्मीचं काम, मामाचं गॅरेज, तुमची पहिली नोकरी. ज्याची आपल्याला लाज वाटते, तिथेच बऱ्याचदा आपली माहिती सर्वांत जास्त असते.

दोन. त्यातल्या वीस जणांशी बोला आणि काही विकू नका. 'घ्याल का' विचारू नका. मागच्या वेळी अडचण आली तेव्हा काय केलं, किती वेळ गेला, किती पैसे गेले ते विचारा. जो आजच त्या अडचणीवर पैसे किंवा रात्री घालवतोय, तो तुमचा माणूस.

तीन. पहिली दहा गिऱ्हाईकं स्वतः करा. मला येत नाही म्हणू नका, मलाही येत नव्हतं. ती दहा झाल्याशिवाय माणूस नेमू नका, कारण त्याला काय सांगायचं हेच तुम्हाला माहीत नसेल.

चार. विकणारा माणूस बाहेर शोधण्याआधी गिऱ्हाइकाच्या आसपास शोधा. ज्याच्यावर गिऱ्हाइकाचा आधीच विश्वास आहे आणि तुमच्या मालाने ज्याचं स्वतःचं काम सोपं होतं, असा. त्याचा हिस्सा गिऱ्हाईक टिकण्याशी जोडा, आणि लिहून ठेवा.

शेवटी माझी आजची अवस्था सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा जिंकून आलाय. माझी नोकरी सुटलेली नाही. साठ-पासष्ट कारखाने माझं सॉफ्टवेअर वापरतात. त्यातले चार मागच्या वर्षी बंद पडले, माग भंगारात गेले. जुन्या साध्या मागांवर पोट भरणं अवघड झालंय. माझं गिऱ्हाईकच राहिलं नाही तर माझा धंदाही राहणार नाही, ही भीती मला आहे. म्हणून आता मी सायझिंगवाल्यांकडे आणि ऑटोलूमवाल्यांकडे जाऊन बसतोय, वही घेऊन, काही न विकता.

परवा अब्बांनी पुन्हा चष्मा लावून स्क्रीन बघितली. बीमचा रकाना बघितला. काही बोलले नाहीत. मग एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, "ये मीटर गलत है."

बघितलं तर खरंच चुकलं होतं. त्याच रात्री दुरुस्त केलं.